गप्प बसण्याचा तास

हेमांगीला कॉलेजात कुणी डॉक्टर म्हणून हाक मारत नसे. ती 'मॅडम' होती. जळगावच्या एका मेडिकल कॉलेजात ती पहिल्या वर्षाच्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवायची. हृदय कसं चालतं, मूत्रपिंड काय गाळतं, बोटाला चटका बसला की मेंदूला कसं कळतं, हे सगळं. स्वतःच्या हाताने पेशंट तपासून तिला वीसेक वर्षं होऊन गेली होती. धुळ्याला एमबीबीएस झालं, लग्न झालं, आणि पुढच्या शिक्षणाला जो विषय मिळाला तो तिने मुकाट घेतला, कारण त्यात रात्रपाळी नव्हती. सासूबाई लताबाई चारचौघींत कौतुकाने सांगायच्या, "आमची सून डॉक्टर आहे." समोरची बाई लगेच गुडघा पुढे करायची. मग लताबाईंना नाइलाजाने पुढचं वाक्य जोडावं लागायचं, "पण औषध देणारी नाही हो."

अशा या औषध न देणाऱ्या डॉक्टरकडे पेशंटशी कसं बोलावं हे शिकवायचं काम आलं, ते ती रिकामी होती म्हणून. नव्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाला तो तास सक्तीचा झाला होता. मीटिंगमध्ये सर्जरीवाल्यांनी ऑपरेशनांची यादी सांगितली, मेडिसिनवाल्यांनी ओपीडीची गर्दी सांगितली, बालरोगवाले फोन आला म्हणून उठून गेले. उरली हेमांगी. तिने वहीत तारीख टिपून घेतली आणि वर पाहिलं, तेव्हा सगळे आपापले चष्मे आवरत होते.

पहिल्या तासाला तिने पडद्यावर चित्रं दाखवली. दया म्हणजे काय, सहानुभूती म्हणजे काय, दोन्हींत फरक काय. मागच्या बाकावरचा एक मुलगा स्पष्ट घोरला. ती घरी येऊन पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "मी असते तर मीही घोरले असते." नवरा दीपक ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायचा. तो म्हणाला, "आमची घोरत नाहीत. डबे उघडतात."

पुढच्या वेळी तिने पडदा गुंडाळून ठेवला. मुलं आता वॉर्डात जायला लागलेली होती, तेव्हा त्यांच्यापाशी सांगायला काहीतरी असणारच. तिने खुर्च्या गोल मांडल्या आणि नियम घातला. एकेकाने त्या आठवड्यातला एक पेशंट सांगायचा. सल्ला कुणी द्यायचा नाही. सांगून झालं की सगळ्यांनी थोडा वेळ गप्प बसायचं. गोलातलं बोलणं गोलाबाहेर न्यायचं नाही.

हे गप्प बसणं तिला आपोआप सापडलं होतं. एका मुलीने भाजलेल्या बाईची गोष्ट हसत हसत सांगितली. ड्रेसिंग करताना आपल्याला कशी ओकारी आली, सिस्टर कशी ओरडली, वगैरे. सगळे हसले. मग कुणालाच पुढे काय बोलावं सुचेना. त्या शांततेत ती मुलगी खाली बघत म्हणाली, "तिने मला पाहिलं, मॅडम. तोंड फिरवताना." त्या दिवशी हेमांगीच्या ध्यानात आलं की माणूस आधी गोष्ट सांगतो आणि गप्प राहिलं तर मग खरं सांगतो. तिने ते पक्कं धरलं. पेशंटपाशीही असंच करा, ती म्हणायची. स्टूल ओढा, बसा, हातावर हात ठेवा, आणि लगेच तोंड चालवू नका.

मुलांनी त्या तासाला 'गप्प तास' नाव ठेवलं. त्यातली डिंपल नावाची मुलगी जिभेला जरा तिखट होती. ती म्हणाली, "मॅडम, ओपीडीत एवढी रांग असते. आम्ही असं ध्यान लावून बसलो तर लोक चपला काढतील."

"काढू देत. निदान त्यांच्याकडे बघशील तरी."

डिंपल हसली, पण यायची प्रत्येक तासाला. आणि रोनक यायचा.

रोनक दोंडाईच्याचा. वडील प्रकाशचंद मिरचीचे व्यापारी. घरी मारवाडी बोलत, पण मुलगा लहानपणापासून दुकानाच्या पायरीवर वाढलेला, त्यामुळे गावोगावच्या लोकांची अहिराणी त्याच्या तोंडात आपसूक बसलेली. वॉर्डात याचा त्याला फार फायदा होई. बाकीची मुलं "तुम्हाला काय त्रास होतोय?" असं पुस्तकी विचारायची आणि म्हातारे "बरं आहे" म्हणून सोडवून घ्यायचे. रोनक "काय व्हस, आबा?" म्हणाला की पोटापासून पाठीपर्यंत सगळं बाहेर यायचं. हेमांगीला वाटायचं, हा एक तरी आपल्या हातून चांगला डॉक्टर होणार.

म्हणून त्या शुक्रवारी तो गोलात मान खाली घालून बसला, तेव्हा तिने त्याला मुद्दाम शेवटी घेतलं.

"सर्जरी वॉर्डात झुंबरबाई म्हणून एक आजी होत्या," तो म्हणाला. "पारोळ्याकडच्या. छातीत गाठ. रिपोर्ट आला, कॅन्सरचा. त्यांच्या मुलाने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, आईला यातलं काही बोलायचं नाही. मी रोज जायचो त्यांच्याकडे. अक्का म्हणायचो. परवा त्यांनी मला एकटं गाठून विचारलं, 'माले कॅन्सर शे का?'"

रोनकने एकदा हेमांगीकडे पाहिलं.

"मला खोटं बोलायचं नव्हतं. खरं सांगायचा मला हक्क नव्हता. मग मी तुम्ही सांगता तसं केलं, मॅडम. स्टूल ओढलं. बसलो. त्यांच्या हातावर हात ठेवला. गप्प राहिलो." तो थांबला. "त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग 'बरं' म्हणाल्या आणि कूस वळवली. संध्याकाळी मुलगा आला आणि त्यांना डामा घेऊन गेला."

डॉक्टरांचं न ऐकता, स्वतःच्या जबाबदारीवर सही करून पेशंट घरी नेला की वॉर्डात त्याला डामा म्हणतात. हा शब्द मुलं पहिल्याच आठवड्यात शिकतात.

नियमाप्रमाणे सगळे गप्प बसले. हेमांगीला त्या दिवशी ती शांतता अंगावर आल्यासारखी वाटली.

"मी मायक्रोबायोलॉजी घेणार," रोनक म्हणाला. "पेशंटशी बोलायचं कामच नको."

"मग काय, जंतूंजवळ स्टूल ओढून बसणार?" डिंपल म्हणाली. दोघं-तिघं हसले. रोनकही अर्धवट हसला आणि त्याने रुमाल काढला.

घरी गेल्यावर हेमांगीने भाजीत दोनदा मीठ घातलं. तिने शिकवलेल्या गोष्टीचा कुणीतरी पहिल्यांदाच खरोखर उपयोग केला होता, आणि त्याचा परिणाम असा, की एक बाई बिनउपचारांची घरी जाऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी ती सर्जरीच्या डॉ. नवीन यांना भेटली. त्यांनी कागद न बघताच सांगितलं, "गाठ लहान आहे हो. ऑपरेशन करू, पुढची औषधं देऊ, बाई चांगली राहू शकते. पण असंच महिनोन् महिने काढले तर मग माझ्या हातात काही राहणार नाही. मुलगा फोन उचलत नाही."

"मी जाऊन येऊ का?"

"तुम्ही?" त्यांनी कुत्सितपणे नाही, खरोखरच्या आश्चर्याने विचारलं. मग म्हणाले, "जा. आणि बाईने स्वतः विचारलं तर खरं सांगा. मुलाला बाजूला टाकून नाही, त्याला धरून. मी सांगितलंय म्हणा."

रविवारी सकाळी ती स्वतःची गाडी घेऊन निघाली. शेजारी रोनक, मागे डिंपल. डिंपलला कुणी बोलावलं नव्हतं. ती हॉस्टेलच्या फाटकाशी तयार होऊन उभी होती. ऊन तापायला लागलं होतं म्हणून हेमांगीने पांढरा सुती ड्रेस घातला होता. रोनक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. पेशंटच्या घरी जायचं तर नीटनेटकं दिसावं, असा त्याचा हिशोब. एरंडोल गेलं, पारोळ्याचा किल्ला मागे पडला, आणि गाडी हमरस्ता सोडून आत वळली.

"आपण समजावायला चाललो नाही," हेमांगीने बजावलं. "आधी त्यांना बोलू द्यायचं. त्यांनी तोंड उघडेपर्यंत आपण गप्प."

"मला जमेल," रोनक म्हणाला. "त्यातच तर मी पास झालोय."

घर गावाच्या तोंडाशीच होतं. ओट्यावर झुंबरबाईंचा नवरा चिंधा आबा बसला होता. उन्हाची तिरीप येत होती म्हणून त्याने डोक्यावर पंचा टाकलेला. शहरातली गाडी दारात थांबली, त्यातून तिघं उतरले, आबा उभा राहिला, त्याने रोनकला ओळखलं, आणि त्याचा चेहराच उतरला. "बसा," एवढंच म्हणून तो पुन्हा खाली बसला. आतून सून आली, रूपा. तिनेही रोनकला ओळखलं. मागच्या दाराकडे बोट दाखवून तिने ओठांवर बोट ठेवलं. सासू मागे होती. तिच्या कानावर काही जायला नको होतं. ज्ञानेश्वर, म्हणजे झुंबरबाईंचा मुलगा, शेताकडे गेला होता. जळगावात पाइपांच्या कारखान्यात कामाला होता, रविवारी गावी यायचा. त्याला फोन करते, असं खुणेनेच सांगून रूपाने ओट्यावर सतरंजी अंथरली आणि ती आत गेली.

तिघं सतरंजीवर बसले. आबा मान खाली घालून. हेमांगी गप्प. रोनक गप्प. डिंपलसुद्धा गप्प.

डोक्यावर हंडा घेऊन एक बाई समोरून चालली होती. तिने ओट्याकडे पाहिलं, थबकली, आणि आली तशी घाईने मागे वळली. थोड्या वेळाने एक म्हातारा आला. त्याने टोपी नीट केली, कुणाशी एक शब्द न बोलता सतरंजीच्या कडेला बसला आणि जमिनीकडे बघू लागला. मग आणखी दोघं आले, तेही तसेच. आबा आपल्याच विचारात होता. त्याने मान वर केली नाही. हेमांगीच्या मनात आलं, माणुसकी आहे बाई गावात. पाहुणे आले की लोक येऊन बसतात.

आणि मग गल्लीच्या वळणावरून पाच-सात बायका आल्या, पदर तोंडावर ओढलेल्या, आणि पुढच्या बाईने ओट्यापाशी पोचायच्या आतच गळा काढला. "माय वं! मनी झुंबर वं! अशी कशी गई वं!"

तेव्हा कुठे हेमांगीच्या डोक्यात प्रकाश पडला. तिचं माहेर याच पट्ट्यातलं. लहानपणी आईच्या मागे ती किती वेळा 'दारावर' गेली होती. कुणी वारलं की असंच, दारात सतरंजी, पांढरे कपडे, खाली माना आणि न बोलता बसणं. लोक आले की बसतात, उठतात, जातात, बोलायचं नसतंच. आपण तिघं बरोब्बर तसेच येऊन बसलोय, या घराच्या दारात, आबाच्या डोक्यावर पंचा असताना.

ती काही बोलणार तोच मागच्या दारातून झुंबरबाई धावत आल्या. हात मनगटापर्यंत मिरच्यांनी लाल. "कोन मरी गयं? कोन मरी गयं रे?"

ओट्यावरचं रडणं एकदम तुटलं. पुढच्या बाईने पदर बाजूला केला, डोळे फाडून पाहिलं आणि म्हणाली, "तू!"

"मी? मी तं मिरच्या निवडी ऱ्हायनी!"

आधी टोपीवाला म्हातारा खुदकन हसला. त्याच्या मागून बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या, ज्या पदराने आत्ता डोळे पुसले होते त्याच पदराने. डिंपलने हसू दाबायला ओढणी तोंडात कोंबली. आबा मात्र हसला नाही. त्याने पंचा तोंडावर धरला आणि त्याचे खांदे हलू लागले, आणि मग सगळे आपोआप थांबले.

झुंबरबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग रोनककडे.

"हाऊच तो पोऱ्या," त्या म्हणाल्या. "येल्हे मी इचारं. आनि यानी तोंड उघाडं नही."

रोनक उभा राहिला. "अक्का, माले..."

"मानूस गया ना, तव्हयच असा हात धरीसन बसतस आमना आठे." त्यांचा आवाज चढला नव्हता. पुढचं त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत गेल्या. कॅन्सर आहे, हे त्यांना आधीच वाटत होतं. गावात कॅन्सरची माणसं त्यांनी पाहिली होती. कुणी ऑपरेशन करून आलं होतं, कुणी हिंडतंफिरतं होतं. पण हा मुलगा एरवी सतरा गोष्टी बोलतो, आणि त्या दिवशी स्टूल ओढून, हात धरून नुसता बसला. तेव्हा त्यांना वाटलं, यापुढे डॉक्टरांपाशी काही उरलंच नाही. सगळं संपलं म्हणून हा दारावर बसतात तसा आपल्यापाशी बसलाय. मग दवाखान्यात कशाला मरायचं? संध्याकाळी मुलगा आला तेव्हा त्यांनीच हट्ट धरला, मला घरी ने.

हेमांगी ऐकत राहिली. तिला वाटलं होतं, रोनकच्या शांततेने बाईंना कॅन्सर आहे हे कळलं. त्यांना मात्र ऐकू आलं होतं मरण. आणि ज्ञानेश्वर आपण आईच्या कानावर काही जाऊ न देता तिला घरी आणलं अशा समजुतीत होता.

तो तेवढ्यात मोटरसायकलवरून आलाच. दारातली गर्दी बघून त्याचा चेहरा पांढरा पडला, आई दिसली तेव्हा लाल झाला. "मॅडम, दवाखान्यात मी सगळ्यांना सांगितलेलं होतं ना? हात जोडून सांगितलेलं होतं. माझ्या मावशीला सांगून टाकलं डॉक्टरांनी. तिने अन्न सोडलं. महिनाभरही काढला नाही तिने."

"तुम्ही चुकलात असं मी म्हणत नाही, ज्ञानेश्वरभाऊ," हेमांगी म्हणाली. "पण त्यांनी विचारलंय. आणि न सांगता त्यांनी काय समजून घेतलं, ते आत्ता ऐकलंत तर..."

"तू मांगे सरक रे," झुंबरबाई मुलाला म्हणाल्या, आणि हेमांगीसमोर मांडी घालून बसल्या. "तू मोठी डॉक्टर शे ना? सांग."

हे कसं सांगायचं, याच्या पायऱ्या हेमांगीने फळ्यावर कितीतरी वेळा लिहिल्या होत्या. त्यातली एकही आता आठवेना. आठवलं ते एवढंच, की आपण आयुष्यात कुणालाच अशी बातमी दिलेली नाही. तिने ज्ञानेश्वरकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा होता. त्याने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. नुसती मान वळवली.

"अक्का, मी स्वतः उपचार करणारी डॉक्टर नाही. शिकवणारी आहे. पण मोठ्या डॉक्टरांशी बोलून आलेय. सगळं सांगू? आत बसून बोलायचं का आपण?"

"आठेच सांग. बठ्ठा उनातच ना आते." झुंबरबाईंनी जमलेल्या सगळ्यांकडे हात केला.

"गाठ कॅन्सरची आहे."

झुंबरबाईंनी मान हलवली. बायकांतून कुणीतरी च् च् केलं, तिला शेजारणीने कोपर मारलं.

"ती लहान आहे. ऑपरेशन करता येतं. नंतर औषधं असतात, ती त्रास देतात, केस जातात, तोंडाची चव जाते. पण आत्ता केलं तर बरं होण्याची आशा चांगली आहे. उशीर केला तर ती कमी होत जाते."

"मी वाचसू का?"

हेमांगी गप्प राहणार होती. सवयीने तिचा हात झुंबरबाईंच्या हाताकडे गेलाही. तो तिने मागे घेतला. "नक्की वाचाल असं मला सांगता येत नाही. पण सगळं संपलंय असं कुणी म्हणालेलं नाही. तसं असतं तर मी एवढ्या उन्हात कशाला आले असते?"

"हं," झुंबरबाई म्हणाल्या. हे शेवटचं त्यांना पटल्यासारखं दिसलं.

मग त्या उठल्या आणि हेमांगीला म्हणाल्या, "आत ये." डिंपल मागोमाग गेली. चुलीपाशी उभ्या राहून, हातावरची मिरची धूत झुंबरबाईंनी पुरुषांसमोर न विचारलेलं विचारलं. सगळी छाती कापतात का? काही वेळा थोडी, काही वेळा सगळी, हेमांगीने सांगितलं. ते मोठे डॉक्टर नीट तपासून ठरवतील, आणि तुम्हाला विचारून. झुंबरबाईंनी त्यावर फार वेळ घालवला नाही. त्यांच्या मनात दुसरंच होतं.

"येसू मी. पन एक गोट शे." त्यांनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. त्या दिवशी वॉर्डात खूप मुलं-मुली खाटेभोवती उभी राहिली होती. पडदा लावला नाही. चोळी वर केली आणि एकामागून एक हात लावत गेले. कुणी नाव विचारलं नाही. समोरच्या खाटेवरच्या बाईचा नवरा बघत होता. "मी काय बाजारनं वांगं शे का, ज्याले त्याले दाबाले?"

रूपाने हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. तिने चुलीवरचं पातेलं उगाच सरकवलं.

"मी होते त्यांच्यात," डिंपल म्हणाली. ती जमिनीकडे बघत होती. "तिसरी का चौथी. मी इंग्रजीत गाठीचं माप सांगितलं. सरांनी शाबासकी दिली."

झुंबरबाईंनी तिला खालीवर न्याहाळलं. "तुले काय, तू शिकनारी. पन इचारानं ना."

"विचारायला हवं होतं."

"पडदा लागेल," हेमांगी म्हणाली. "आणि विचारल्याशिवाय कुणी हात लावणार नाही. माझ्या सांगण्याने झालं नाही तर मी स्वतः येऊन उभी राहीन."

बाहेर चिंधा आबाने तोवर रोनकला आपल्या शेजारी ओढून बसवलं होतं. तो प्रश्न विचारत होता, एकामागून एक, आणि सगळे सतरंजीवरचे लोक कान देऊन ऐकत होते. किती दिवस राहावं लागेल? सोबत एकच माणूस राहू देतात का? भाकरी चालते का? रोनक बोलत होता. अडला की म्हणायचा, "आबा, हाई माले माहीत नही. इचारीसन सांगसू." ज्ञानेश्वर लांब उभा राहून ऐकत होता. मग तोही येऊन सतरंजीच्या कडेला टेकला आणि त्याने विचारलं, "केस परत येतात का पण?"

लोक उठायला लागले, तर झुंबरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. दारावर आलेल्याला चहा विचारत नाहीत; पाणीसुद्धा न घेता लोक जातात. त्यांनी हात कमरेवर ठेवून सगळ्यांना सुनावलं, चहा टाकलाय, घेतल्याशिवाय एकाने हलायचं नाही, मी अजून आहे. गळा काढणाऱ्या बाईने पहिला कप घेतला आणि बशीत ओतून फुंकर मारत म्हणाली, "साखर कमी शे वं."

परतीच्या वाटेवर गाडीत तिघंही एकदमच बोलत होते. रोनकने मायक्रोबायोलॉजीचं नाव काढलं नाही. त्याने ते कायमचं सोडलं की काय, हे हेमांगीने विचारलंही नाही. ती स्वतःशी एवढंच ठरवत होती, की पुढच्या तासाला गप्प बसायचा नियम राहील, पण समोरच्याला आपलं गप्प बसणं कसं ऐकू जातंय, हे त्याला विचारायचं.

झुंबरबाई त्या आठवड्यात आल्या. मुलगा बरोबर होता, आणि आबाही. डॉ. नवीन मुलांचा घोळका घेऊन राउंडला निघाले तेव्हा शरीरक्रियाशास्त्राच्या मॅडम वॉर्डात उभ्या असलेल्या बघून सिस्टरांनी एकमेकींकडे पाहिलं. चाकाचा पडदा कोपऱ्यात कपडे वाळत घालायला वापरलेला होता. हेमांगीने वरचे टॉवेल काढले आणि पडदा कुरकुरत ओढत आणला. त्याचं एक चाक फिरत नव्हतं; रोनकने ते उचलून धरलं. डॉ. नवीन घड्याळाकडे बघत थांबले, पण थांबले.

पडद्याआड मुलं-मुली रांगेने उभी राहिली. पहिल्या मुलाने आपलं नाव सांगून विचारलं, "अक्का, तपासू का?"

"हं."

दुसऱ्या मुलीने विचारलं. तिलाही हं म्हणाल्या.

तिसरी डिंपल होती. "अक्का, मी डिंपल. तपासू का?"

"नही," झुंबरबाई म्हणाल्या. "आते बस. कटाळी गई मी."

डिंपलचा हात पुढे आलेला होता. तिने एकदा सरांकडे पाहिलं. तिने हात खाली घेतला, "बरं, अक्का" म्हटलं, आणि त्यांच्या अंगावरची चादर गळ्यापर्यंत ओढून ती रांगेत मागे जाऊन उभी राहिली.